संसार कायद्याने मोडत नाही, काका

नमस्कार काका,

पोलिसांसोबत चालणाऱ्या महिला व मुलांच्या विशेष कक्षाबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. उत्तराला उशीर झाला, माफ करा. तुम्ही आठ वर्षं गावच्या तंटामुक्त समितीवर होतात. तुमचं म्हणणं असं, की नवरा-बायकोचं भांडण चार वडीलधाऱ्यांनी पारावर मिटवावं. पोरींना कायदा शिकवला की संसार मोडतात आणि लेकरं उघड्यावर पडतात.

2007 मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा बांधाचे, पाण्याचे, वाटणीचे कितीतरी वाद कोर्टाची पायरी न चढता मिटलेले मी माहेरी पाहिलेत. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण बांधाच्या वादात दोघांकडे जमीन असते, दोघांच्या बाजूने बोलणारी माणसं असतात. मारहाणीत तसं नसतं. पारावर बसलेले असतात नवऱ्याचे चुलते, त्याची भावकी, त्याचे मित्र. ती एकटी पदर सावरत उभी. "काय गं, कशापायी मारलं त्यानं?" असं विचारलं, की तिथेच निकाल लागलेला असतो.

माझ्या मावशीला असं तीनदा नांदायला परत पाठवलं. तिन्ही वेळा ओटी भरली, जावयाला आहेर केला. चौथ्या वेळी तिचा डावा कान कायमचा गेला. गावाच्या लेखी मात्र तो तंटा मिटलेला होता.

आता विशेष कक्षाचं काम कसं चालतं ते सांगते. 1984 मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सोबतीने तो सुरू केला. पुढे राज्य सरकारने ही कल्पना उचलली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कक्ष निघाले. तिथली समाजसेविका आधी बाईला एकटीला भेटते. तुला काय हवंय, हे विचारते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी हे विचारलं म्हणून रडणाऱ्या बायका मी पाहिल्यात. "नांदायचंय ताई, फक्त मार नको," असं म्हणणाऱ्या तर कितीतरी. मग नवऱ्याला बोलावतात. गुन्हा नोंदवलाच पाहिजे असं काही नाही. बोलणं पैशांवर होतं, दारूवर होतं, सासू-सासऱ्यांवर होतं. हात उचलण्यावर तडजोड होत नाही. मार आधी थांबला पाहिजे. पारावर मार हासुद्धा देवघेवीतला एक मुद्दा होऊन बसतो, आणि माझं सगळं भांडण तिथेच आहे.

राहिला कायदा. 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचं कलम 17 कुणाकडून तरी वाचून घ्या. घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या, त्यात राहण्याचा तिला हक्क आहे आणि कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही, असं ते सांगतं. त्याच कायद्यात संरक्षणाचा आदेश आहे, खर्चाची रक्कम आहे, मुलांचा तात्पुरता ताबा आहे. अर्ज तिला स्वतःला करता येतो किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत. म्हणजे ज्या कायद्याने संसार मोडतो म्हणता, तो तिला घरात ठेवायला झालाय. रात्री अकरा वाजता लेकरांसकट तिला उंबऱ्याबाहेर काढलं जातं, लेकरं उघड्यावर पडतात ती तेव्हा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी साधारण चौथ्या हिश्शाने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभर पाहिलं तर हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम 14 टक्के बायका मदत मागायला गेल्या. बाकीच्या "जिन्यावरून पडले", "स्टोव्ह भडकला" एवढंच सांगतात. म्हणून तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिकेने आणि आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सेहत संस्थेने अशा बायकांसाठी 'दिलासा' केंद्र काढलं. पोलिसांकडे न जाणारी बाई टाके घालायला तरी येतेच. जखम बघून नेमकं काय विचारायचं, हे तिथे नर्सबाईंना शिकवलं गेलं.

तुमचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण पटला. कक्ष तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी, तिथे माणसं मोजकी. तिथवर जायचं तर मजुरी बुडते, एसटीचं भाडं पडतं. रात्री मार पडतो तेव्हा जवळ फक्त गावच असतं. लेखात मी हे लिहायला हवं होतं.

म्हणूनच तुमच्याकडे मागणं आहे. समितीवर नसलात तरी तुमचा शब्द गावात चालतो. आरडाओरडा ऐकू आला की दार वाजवणारी दोन-चार माणसं तयार ठेवा. त्यांत बायका हव्यात. पोलिसांसाठी 112, बायकांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098, हे मदतीचे नंबर पिठाच्या गिरणीवर आणि अंगणवाडीच्या भिंतीवर ठळक रंगवून घ्या. आणि ग्रामसभेत घरांच्या उताऱ्यावर नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावायचा विषय काढा. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेच्या वेळी शेतकऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावे जमीन केली होती, तुमच्या पिढीला ते आठवत असेल. सुरुवात तुमच्या घरापासून केलीत, तर पुढच्या ग्रामसभेला मी स्वतः येईन. तारीख तेवढी कळवा.