हिरडीवरच्या गाठीला दोरा आवळू नका

नागपूरच्या श्वानप्रेमींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: म्हाताऱ्या कुत्र्याच्या हिरडीवर काळी गाठ आली की कॅन्सर, गुलाबी असली की साधी, साधीला बुडाशी नायलॉनचा दोरा आवळा, वर तुरटी-हळद लावा, आठवड्यात गळते, तुकडा तपासायला दिला तर रोग पसरतो, आणि या वयात भूल म्हणजे मरण. काल आत्याने तो वाचून दोरा काढून ठेवला, म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी दोरा. हिरडीवर नेहमी आढळणारी साधी गाठ, पेरिफेरल ओडोंटोजेनिक फायब्रोमा, दाताला हाडाशी धरून ठेवणाऱ्या तंतूंतून उगवते. दोरा बसतो वरच्या भागाला. मूळ खाली तसंच राहतं आणि गाठ परत येते. आवळलेला भाग सडतो, रक्त येतं, कुत्रा खाणं सोडतो. मग कुणीतरी माणसांची आयबुप्रोफेन चारतं. तिने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शिवाय गळून पडतं ते मेलेलं मांस, पॅथॉलॉजिस्टला त्यात काही वाचता येत नाही.

आणि ती गाठ मेलॅनोमा असली तर? कुत्र्याच्या तोंडात सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोच, आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांश गाठींत काळा रंग नसतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २ सेंमीपर्यंतचा मेलॅनोमा पहिल्या टप्प्यात, ४ सेंमीच्या वरचा तिसऱ्यात. दोऱ्याच्या नादात गेलेले आठवडे इथे महागात पडतात. तुरटी-हळदीने तर कुठलीच गाठ जात नाही.

तुकडा घेतल्याने रोग पसरतो, हे चूक. त्यात खरं एवढंच, की तुकडा तोंडाच्या आतूनच घ्यायचा, ओठाच्या कातडीतून नाही. नाहीतर पुढच्या शस्त्रक्रियेत ती वाटही कापून काढावी लागते. सुईने या चिवट गाठीतून पेशी फारशा सुटत नाहीत. रोग पसरलाय का हे बघायला सुई जबड्याखालच्या लसिकाग्रंथीसाठी वापरावी. गाठीचा खोलवरचा तुकडा हवा, वरवरच्या सालीत नुसती सूज दिसते. त्याच भुलीत दाताचा एक्स-रेही काढून घ्या. अकॅन्थोमॅटस अमेलोब्लास्टोमा हा हिरडीवरच्या गाठीचा आणखी एक प्रकार शरीरात पसरत नाही, पण जबड्याचं हाड खातो, आणि नुसतं बघून तो फायब्रोमापासून वेगळा ओळखता येत नाही. त्याला हाडाच्या काठासकट काढावं लागतं. तुकडा लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा, द्रव तुकड्याच्या दहापट. मिठाचं पाणी नको, फ्रीझर नको. आपल्या मे महिन्यात तर कोरडा तुकडा बघता बघता खराब होतो.

म्हाताऱ्या कुत्र्याला भुलीचा धोका जास्त असतो, हे मान्य. त्यासाठीच आधी रक्त, मूत्रपिंड-यकृत आणि छातीचा एक्स-रे तपासतात. त्यातून निघालेल्या दोषांनुसार औषधं आणि सलाईन ठरतं.

डॉक्टरांकडे जाताना गाठीशेजारी मोजपट्टी धरून काढलेला फोटो न्या, आणि चालू गोळ्यांची यादीही. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिननेही हिरडी वाढते.