‘मास्कने चेहरा सोलून निघाला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, की आमचे सुती मास्क कामावर दिवसभर वापरायला लागल्यापासून हनुवटीवर आणि ओठांभोवती पुटकुळ्या आल्या, कानामागे लाल चट्टा उठला आणि तो रात्रंदिवस खाजतो. ‘प्युअर कॉटन सांगून भेसळीचं कापड विकतात’ असंही म्हटलंय. तक्रार केली तर आम्ही उलट तुम्हालाच ‘मास्क कशाने धुता’ असं विचारलं, याचा राग आलाय. आणि शेवटी लिहिलंय, की मैत्रिणीकडची एक ट्यूब लावली, दोन दिवसांत चेहरा साफ झाला, ज्यांना ज्यांना त्रास आहे त्यांनी हीच लावा. सोबत ट्यूबचा फोटो, आणि चेहऱ्याचे व कानामागच्या चट्ट्याचेही.

कापडाचं नंतर बोलू. आधी ट्यूबचं.

ट्यूबचा फोटो मोठा करून पाहिला, घटकांची नावं नीट वाचता येतात. बुरशीवरचं एक औषध, एक अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल. क्लोबेटासोल हे त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडमधल्या सगळ्यात जहाल गटातलं आहे. ते चेहऱ्यासाठी नाही. दोन दिवसांत फरक पडला हे अगदी खरं असणार, कारण स्टिरॉइड सूज दाबतं, रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, खाज थांबते. पण ज्याने पुरळ आली ते कारण तिथेच राहतं. लावणं थांबवलं की पुरळ परत येते, बऱ्याचदा आधीपेक्षा जास्त. मग माणूस पुन्हा लावतो. असं महिनोन्महिने चाललं की कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरांचं जाळं दिसायला लागतं, उन्हात गेलं की आग होते. ओठांभोवती बारीक लाल पुटकुळ्यांचा घेर उठतो आणि ओठाला लागून तेवढी एक अरुंद पट्टी मोकळी राहते. त्वचेचे डॉक्टर तो घेर पाहिला की पहिला प्रश्न विचारतात, ‘कोणतं क्रीम लावत होता?’ त्यात मास्कखालची त्वचा झाकलेली, दमट. तिथे औषध नेहमीपेक्षा जास्त आत शिरतं.

तुम्ही थोडेच दिवस लावलंय, तेव्हा आता ते बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. हे वाचणारं कुणी जर असं क्रीम महिनोन्महिने लावत असेल, तर त्यांनी मात्र ते स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. त्याने चेहरा भडकतो. कसं कमी करायचं ते डॉक्टरच सांगतील.

म्हणून तुम्हाला कळकळीची विनंती आहे. आमचा एक स्टार तसाच ठेवा, आमच्याबद्दल लिहिलेला शब्दन् शब्द ठेवा, पण ‘सर्वांनी ही ट्यूब लावा’ ही ओळ आणि ट्यूबचा फोटो काढून टाका. मास्कने पुरळ आलेलेच लोक हा रिव्ह्यू वाचायला येणार आहेत.

आता कापड. बाहेरचा थर आणि आतलं अस्तर, दोन्ही शंभर टक्के सुती आहेत. आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, घरी पाहा. अस्तराच्या शिवणीतून कापडाचा एक धागा ओढून काढा (शिलाईचा दोरा नको, तो पॉलिस्टरचा असतो), चिमट्यात धरून मोरीवर किंवा स्टीलच्या ताटलीवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळका कागद असतो तसाच वास येतो आणि बोटांत चुरगळणारी राखाडी राख उरते. पॉलिस्टर किंवा नायलॉन असेल तर धागा वितळून आक्रसतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. मणी झाला तर त्याचा फोटो टाका, आम्ही इथेच उत्तर द्यायला बांधील आहोत.

पण ताई, कापड अस्सल सुती असलं म्हणजे पुटकुळ्या येणारच नाहीत, असं नसतं. सूत घाम शोषतं आणि धरून ठेवतं. तासन् तास तोच ओला मास्क तोंडावर राहिला, तर ओल्या लंगोटात बाळाच्या मांड्यांचं जे होतं तेच हनुवटीचं होतं. श्वासाची वाफ, घाम, तेल, आणि बोलताना प्रत्येक शब्दाला कापडाचं घासणं. ओली त्वचा कोरडीपेक्षा जास्त घासली जाते. छिद्रं बुजतात, मुरुम येतात. ‘चांगल्या मास्कने असं होत नाही’ हे तुमचं वाक्य म्हणूनच पटत नाही. सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीनंतर सिंगापूरमध्ये दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांची पाहणी झाली होती, ती २००६ साली प्रसिद्ध झाली. एन-९५ नियमित वापरणाऱ्या ३०७ जणांपैकी १०९ जणांना त्वचेचा त्रास झाला होता आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार मुरुमांचीच होती. एन-९५ काही हलक्या प्रतीचा मास्क नव्हे.

कानामागचा चट्टा मात्र वेगळा आहे, तो हनुवटीच्या हिशेबात धरू नका. फोटोत तो मास्कचा कानपट्टा जिथून जातो तेवढ्याच रेषेत आहे, बारीक पाणी भरलेल्या पुळ्या आहेत, आणि तुम्ही दुखतं म्हणत नाही, खाजतं म्हणता. नुसतं घासून झालं असतं तर त्याच दिवशी सोलवटून चुरचुरलं असतं. ॲलर्जी बहुधा एक ते तीन दिवसांनी वर येते आणि तिचं मुख्य लक्षण खाज. आमच्या कानपट्ट्यात रबराचा धागा आहे, वरून पॉलिस्टरची वीण. पाकिटावर तसं छापलेलं आहे. रबर पक्कं करताना थायूरम, कार्बामेट अशी रसायनं वापरतात आणि काही लोकांना ती सोसत नाहीत. रबरी हातमोजे घातल्यावर किंवा कपड्यांच्या इलॅस्टिकखाली तुम्हाला कधी अशीच खाज सुटली आहे का, तेवढं आठवून पाहा. सुटली असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. ते पॅच टेस्ट करतात: पाठीवर पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून पाहतात आणि त्यानंतर एकदोन दिवसांनी पुन्हा पाहतात. मग नक्की कोणत्या पदार्थाची ॲलर्जी आहे ते कळतं. आमचा अंदाज फोटोवरून बांधलेला आहे, निदान त्यांचंच.

‘कशाने धुता’ हा प्रश्न तुमच्यावर ढकलायला विचारला नव्हता. अस्तर जिथे जिथे टेकतं तिथे सगळीकडे, अगदी मास्कच्या आकारात, गालांवरसुद्धा लाली असेल, तर संशय धुण्याच्या पावडरीवर, सॉफ्टनरवर किंवा त्यांतल्या सुगंधावर जातो. सॉफ्टनर तर कापडावर थर सोडण्यासाठीच बनवलेलं असतं आणि तो थर नाकातोंडाशी दिवसभर घासत राहतो. तुमचे गाल फोटोत स्वच्छ दिसतात, त्यामुळे तुमच्या बाबतीत हे कारण मला तितकंसं वाटत नाही. तरी मास्क बिनवासाच्या पावडरीने धुवा, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा, सॉफ्टनर नको. नवा मास्क पहिल्यांदा घालण्याआधीही धुवायचाच.

कामावर जाताना दोनतीन मास्क जास्तीचे घ्या आणि दमट लागला की बदला, जेवणाच्या सुट्टीची वाट पाहू नका. मोकळ्या हवेत, आसपास कुणी नसेल अशा जागी, साधारण चार तासांनी पंधरा मिनिटं मास्क उतरवता आला तर फार फरक पडतो. चेहरा सौम्य, बिनवासाच्या फेसवॉशने धुवा, स्क्रबने घासू नका. मास्क लावण्याच्या अर्धा तास आधी साधं, हलकं मॉइश्चरायझर पुरे. मास्कखाली मेकअप टाळा. रेटिनॉल किंवा ॲसिडची सिरम लावत असाल तर सध्या थांबवा, झाकलेल्या त्वचेवर ती जास्त झोंबतात. पेट्रोलियम जेलीचा पातळ हात नाकाच्या दांड्यावर चालतो, मुरुमांवर नको. आणि एन-९५ घालणाऱ्यांनी त्याच्या कडेखाली ती अजिबात लावू नये, मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही.

पू धरला, पाणी सुटलं, डोळ्यांपर्यंत सूज आली किंवा मास्क बदलूनही पंधरवड्यात उतार पडला नाही, तर थांबू नका. लगेच डॉक्टरांकडे जा.

वापरलेले, धुतलेले, कसेही असोत, मास्क परत पाठवा, पूर्ण पैसे परत मिळतील. बदली हवे असतील तर आमच्याकडे डोक्यामागे बांधायच्या सुती नाड्यांचे मास्क आहेत. त्यांत रबर नाही आणि कानावर काहीच येत नाही. तुम्ही मास्क घालणं सोडू नये असं वाटतं, म्हणून ते सुचवतोय. ऑर्डरच्या मेसेजमध्ये फक्त ‘नाड्यांचे’ एवढं लिहा, पाठवण्याचा खर्च आमच्याकडे.