‘घरात दुःख नसेल तर रचा’: एका घातक सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकेतील विद्यापीठे प्रवेश-अर्जात मुख्य निबंधाशिवाय स्वतंत्रपणे मागतात त्या पूरक निबंधांचे ‘गुपित’ सांगणारा एक संदेश बारावीच्या मुलांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरत आहे. त्यात पाच दावे आहेत: निबंध कोणी वाचत नाही आणि प्रवेश सॅट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवरच होतो, घरात मोठे दुःख घडले नसेल तर ते रचावे, कारण खरेखोटे तपासायला कोणी भारतात येत नाही, एकच निबंध विद्यापीठाचे नाव बदलून सगळीकडे पाठवावा, भाषा जितकी जड तितकी उत्तम, आणि निबंध सल्लागाराकडून किंवा एआयकडून लिहून घ्यावा, कारण सगळेच तसे करतात. पुण्यात बारावीला असलेल्या माझ्या भाचीला हा संदेश क्लासच्या गटातून मिळाला. आपल्या घरात काही वाईट घडलेले नाही, ही आपली उणीव आहे का, असे तिने तिच्या आईला विचारले. १७ वर्षांच्या मुलीला हा प्रश्न पडावा याचा मला अतिशय राग आला आणि म्हणून हे लिहीत आहे.

पहिला दावा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका नियमानेच कोसळतो. बर्कली आणि लॉस एंजेलिस यांच्यासह या विद्यापीठाची पदवी शिक्षण देणारी ९ संकुले आहेत आणि त्यांपैकी एकही प्रवेशासाठी सॅटचे गुण विचारात घेत नाही. विद्यार्थ्याने दिलेले असले तरी ते प्रवेशाचा निर्णय घेताना बाजूला ठेवले जातात. तिथे शाळेतील गुण, अर्जात नोंदवलेली कामे आणि विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहिलेली चार उत्तरे यांवर निवड होते. जेईई आणि सीईटीच्या वातावरणात वाढलेल्या पालकांना गुणांशिवाय निवड होऊ शकते हे पटत नाही, हे मी समजू शकतो. गुण चांगले नसतील तर निबंध तारून नेत नाही, हेही खरे आहे. परंतु त्यावरून निबंध वाचलाच जात नाही, असा निष्कर्ष निघत नाही.

दुसरा दावा सर्वांत घातक आहे. दुःख रचा, असे सांगणाऱ्याने बहुधा प्रश्न वाचलेलेच नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठ आठ प्रश्न देते, त्यांतील कोणतेही चार निवडायचे असतात आणि प्रत्येक उत्तराला ३५० शब्दांची मर्यादा असते. नेतृत्वाचा अनुभव, सर्जनशीलता, सर्वांत मोठे कौशल्य, आवडता विषय, शाळेसाठी किंवा आपल्या परिसरासाठी केलेले काम असे हे प्रश्न आहेत. आयुष्यातील मोठ्या अडचणीविषयी सरळ विचारणारा प्रश्न त्यांत एकच आहे आणि तो सोडून दिला तरी काही बिघडत नाही, कारण आठही प्रश्नांना सारखेच महत्त्व आहे, असे विद्यापीठानेच स्पष्ट केले आहे. शिवाय तो प्रश्नही केवळ अडचण काय होती एवढे विचारत नाही. ती दूर करण्यासाठी तुम्ही काय केले आणि तिचा अभ्यासावर काय परिणाम झाला, हे विचारतो. रचलेल्या दुःखाला हा उत्तरार्ध कुठून आणणार? सोसायटीत उन्हाळाभर टँकरचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या आणि त्यावरून शेजाऱ्यांची भांडणे सोडवणाऱ्या मुलीकडे परिसराविषयीच्या प्रश्नाचे खरे उत्तर तयार असते.

तपासायला कोणी येत नाही, हेही चूक आहे. हेच विद्यापीठ दरवर्षी काही अर्जदार निवडून त्यांनी लिहिलेल्या बाबींचा पुरावा मागते आणि मुदतीत उत्तर आले नाही तर अर्ज रद्द करते. इतर अनेक विद्यापीठांत निबंधाच्या शेजारी शाळेच्या समुपदेशकाचे आणि शिक्षकांचे शिफारसपत्र ठेवलेले असते आणि घरातील मोठ्या आपत्तीचा त्यांत उल्लेखही नसला तर ते वाचणाऱ्याच्या लक्षात येऊ शकते. पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठात वडील हयात असताना त्यांच्या मृत्यूची खोटी कागदपत्रे देऊन प्रवेश आणि शिष्यवृत्ती मिळवलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याचे प्रकरण २०२४ मध्ये उघड झाले. त्यासाठी कोणी भारतात आले नव्हते. त्याने स्वतः समाजमाध्यमावर लिहिलेल्या मजकुरावरून माग निघाला. त्याला अटक झाली, त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याला भारतात परतावे लागले. हा संदेश पुढे पाठवणाऱ्या प्रत्येक पालकाने एवढे एक प्रकरण तरी वाचावे.

‘एकच निबंध सगळीकडे’ या दाव्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. कॉमन अ‍ॅप या अनेक विद्यापीठांच्या सामाईक ऑनलाइन अर्जावरील ६५० शब्दांचा मुख्य निबंध सर्व विद्यापीठांना तोच जातो आणि कॅलिफोर्नियाची चार उत्तरेही निवडलेल्या सर्व संकुलांना तीच जातात. पण पूरक निबंध मागितला जातो तो नेमका त्यापलीकडचे काही कळावे म्हणून. ‘आमचेच विद्यापीठ का?’ या प्रश्नाच्या उत्तरात नाव बदलून दुसरे नाव बसत असेल, तर ते उत्तर लिहिलेलेच नाही असे समजावे.

जड भाषेविषयी फार बोलण्याची गरज नाही. स्टॅनफर्डच्या अर्जात काही उत्तरे ५० शब्दांत द्यायची असतात. तिथे थोरामोठ्यांचे वचन घातले तर स्वतःसाठी जागाच उरत नाही.

राहिला प्रश्न लिहून घेण्याचा. पैसेवाल्यांची मुले सल्लागारांकडून निबंध लिहून घेतात आणि पुष्कळदा पकडली जात नाहीत, हे खरे आहे आणि ते अन्यायकारक आहे. ड्यूक विद्यापीठाने २०२४ मध्ये निबंधाला आकडी गुण देणे थांबवले, त्यामागे एआय आणि सल्लागार हीच कारणे होती. मात्र निबंध वाचणे त्यांनी थांबवलेले नाही. कॉमन अ‍ॅपच्या नियमांनुसार एआयने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे ही फसवणूक ठरते आणि आपण लिहिलेले खरे व स्वतःचे आहे, अशा प्रतिज्ञेवर सही विद्यार्थ्याचीच असते, सल्लागाराची नव्हे. मदत घेण्याला कोणाचीच हरकत नाही. शिक्षकांनी मसुदा वाचून कुठे अर्थ लागत नाही ते दाखवावे, मावशीने शुद्धलेखन तपासावे. वाक्य मात्र पुन्हा विद्यार्थ्यानेच लिहावे.