बावीस घोडे आणि एक एसटी

खंबाटकीच्या घाटात एसटीनं आम्हाला मागं टाकलं, तिथून हे सगळं सुरू झालं. बरं, शिवशाहीसुद्धा नव्हे. साधी लाल, खिडक्या खडखडणारी. मागच्या काचेतून एक पोरगं खारे शेंगदाणे खात आमच्याकडे बघत वर वर निघून गेलं. आमच्या गाडीच्या पाठीवर ‘टीएसआय’ ही अक्षरं आहेत आणि त्यातला ‘टी’ टर्बोचा, हे मी घरच्यांना न विचारता अनेकदा सांगितलेलं होतं. त्या दिवशी गाडीत पाच माणसं, डिकीत सासूबाईंच्या दोन बॅगा आणि तांदळाचं अर्धं पोतं होतं. मी नेहमीप्रमाणे ॲव्हरेज सांभाळून चौथ्यात होतो. सासूबाई मागून समजुतीनं म्हणाल्या, “जाऊ द्या हो, त्यांना टाइम गाठायचा असतो.”

जावयाला कुणी इतकं सांभाळून घेतलं की समजावं, काहीतरी गेलंय.

गाडी आमची फोक्सवॅगन पोलो. चाकणला जन्मलेली, म्हणजे जर्मन आडनावाची पुणेकरीणच. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, ११० पीएस म्हणजे घोडे, १७५ न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे ओढ. २०२२ मध्ये इथे ती बनायची बंद झाली, त्यामुळे आम्हा मालकांच्या बोलण्यात हल्ली जरा श्राद्धाचा सूर असतो. हेच इंजिन स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन व्हर्टस या मोठ्या गाड्यांमध्ये ११५ पीएस देतं, हा शोध मला घाटातून परतल्यावर त्याच रात्री लागला. थोरल्या भावाला पाच घोडे जास्त! आमच्या घरात वाटणीचा विषय तसाही नाजूक आहे.

मग ‘रीमॅप’ हा शब्द भेटला. इंजिनाचा कारभार ईसीयू नावाची डबी बघते. टर्बोनं हवा किती दाबायची, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी नेमकी कधी टाकायची, सगळं तिच्यातल्या तक्त्यांप्रमाणे चालतं. स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये वायर लावायची, लॅपटॉप जोडायचा, ते तक्ते बदलायचे. पाना नाही, स्क्रू नाही, हात काळे होत नाहीत. याला म्हणतात स्टेज वन. स्टेज टूमध्ये टर्बोमागचा धुराचा नळ, म्हणजे डाउनपाइप, वगैरे बदलावे लागतात आणि त्यासाठी बहुधा घरही बदलावं लागतं.

हे काम करणाऱ्याला, म्हणजे ट्यूनरला, फोन केला. आवाज तरुण होता. “सर, कंपनीनं गाडी बांधून ठेवलीय. आपण फक्त सोडतो. ११० ची १३२ करून देतो, टॉर्क २१० च्या पुढे. अठ्ठावीस हजार.”

‘बांधून ठेवलीय’ हे वाक्य माझ्या काळजात घुसलं. पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे कुणीतरी गाडीबद्दल नव्हे, त्याच्याबद्दलच बोलतंय असं वाटतं.

पण कंपनी का बांधते, तेही वाचलं. तीच गाडी चंद्रपूरच्या मे महिन्यात चालली पाहिजे, लेहच्या विरळ हवेतही चालली पाहिजे. पंपावरचं पेट्रोल कसं निघेल त्याचा भरवसा नाही आणि मालक ऑइल वेळेवर बदलेल याचा त्याहून नाही. म्हणून थोडी ताकद बाजूला ठेवलेली असते. आमची आई डाळीच्या डब्यात नोटा ठेवायची, तसंच. ट्यूनर म्हणजे तो डबा सापडलेला धाकटा मुलगा. पैसे आहेत हे त्याचं खरंच असतं. ते कशासाठी ठेवलेत, हे त्याला आजारपणात कळतं. क्लच पूर्वीचाच, गिअरबॉक्स पूर्वीचाच आणि वरून ओढणारे घोडे बावीसनं जास्त.

बायकोला सांगितलं. तिनं मोबाइलवर भागाकार केला.

“एक घोडा बाराशे बहात्तर रुपयांना पडला.”

“स्वस्तच आहे की.”

“आणि बांधणार कुठे? आपल्याला पार्किंग एकच आहे.”

यावर मी काही बोललो नाही. सिंहगड रोडवर सकाळी आहेत तेच एकशे दहा घोडे रिक्षाच्या मागे माना खाली घालून उभे असतात, हे तिलाही माहीत आहे. फक्त तिनं ते त्या दिवशी काढलं नाही. पुढे काढलं.

वरच्या मजल्यावरच्या काकांचं मत मी मागितलं नव्हतं, तरी ते मिळालं. त्यांच्या मते गाडी ‘फाटते’. काय फाटतं ते त्यांनी सांगितलं नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये मी मित्राच्या गाडीबद्दल विचारतोय असं दाखवून चौकशी केली. सल्लागारानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो मित्र त्याच्या समोरच बसलाय हे त्याला कळलं असावं. वाढीव वॉरंटी विसरा, म्हणाला. मी म्हटलं, सर्व्हिसच्या आधी मूळ फाइल, म्हणजे कंपनीचे तक्ते, परत टाकली तर? तर ईसीयूत किती वेळा फाइल टाकली त्याची मोजदाद राहते. आमच्या वॉचमनच्या वहीसारखी, म्हणजे पाहुणा गेला तरी नाव राहतं. विमा कंपनीला बदल कळवायला हवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच आपल्याला कळवतात. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. आरसीत लिहिलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करायचा नाही. हे कलम मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा भीतीनं, पुढची दोनदा पळवाटेसाठी.

पेट्रोलचं वेगळंच. ट्यून केलेल्या इंजिनाला जास्त ऑक्टेनचं, म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटणारं पेट्रोल लागतं, नाहीतर इंजिन ठोके देतं. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल पुण्यात २०२० पासून मिळतं, पण लिटरमागे पन्नासहून जास्त रुपये वर. साध्यात आता वीस टक्के इथेनॉल, म्हणजे आमच्या साताऱ्याकडचा ऊसही टाकीत असणार. गावाकडून गुळाची ढेप फुकट येते, हा अर्क मात्र विकत घ्यावा लागतो.

असे आठ महिने गेले. खरं सांगायचं तर फार छान गेले. रात्री जेवण झाल्यावर मी डायनोचे, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे, आलेख बघायचो. लाल रेघ, निळी रेघ, लाल निळीच्या वर. लोक मुलांच्या पत्रिका बघतात.

शेवटी एका रविवारी सकाळी गेलोच. वडगावच्या पुढे, हायवेलगत शेड. फोनवर मी ‘सर’ होतो. प्रत्यक्ष पाहिल्याबरोबर ‘काका’ झालो.

“काका, आधी एक राउंड मारू. स्टॉकचा, म्हणजे आहे तशा गाडीचा, लॉग घेतो. तुम्ही रोजच्यासारखी चालवा.”

तो शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला. मी रोजच्यासारखी चालवली. चौदा मिनिटांनी त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्याचा चेहरा रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरसारखा झाला होता.

“काका, ॲक्सिलरेटर पस्तीस टक्क्यांच्या वर एकदाही गेला नाही.”

“बरं.”

“आणि पंधराशे आरपीएमला तुम्ही पुढचा गिअर टाकता. या गाडीचा पूर्ण टॉर्क साडेसतराशेला येतो.”

“ॲव्हरेज,” मी म्हणालो.

“घाटात पण?”

मी आरशात बघितलं. मागे कुणी नव्हतं.

“तिसरा टाका,” तो म्हणाला, “आणि दाबा. पूर्ण.”

टाकला. दाबला. क्षणभर काहीच झालं नाही, मग मागून कुणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलावं तशी गाडी सुटली. तीन सिलिंडरचा तो घरघरणारा आवाज एकदम मोठ्या माणसाचा झाला. सीटनं मला धरलं. डॅशबोर्डवरचा गणपती मागे रेलला. गाडी घेतल्यापासून हे सगळं बॉनेटखाली होतं आणि मी त्याच्यावर पोह्याचं सामान आणत होतो!

तेवढ्यात माझं लक्ष मीटरमधल्या ॲव्हरेजकडे गेलं. पाच पॉइंट आठ.

पाय आपोआप वर आला.

“सोडलंत का काका? मस्त खेचत होती!” पोरगा खरोखर हळहळला. मग लॅपटॉपवर बोटं टेकवून म्हणाला, “मग? टाकायची फाइल?”

मी त्या आकड्याकडे बघत होतो. हळूहळू तो अकरावर आला, मग चौदावर.

“घरी विचारून सांगतो,” म्हटलं आणि सवयीनं सहावा टाकला.