एक टक आपला

आमच्याकडे ट्रॉलीचं चाक बसवायचं झालं की आधी माणूस बघतात, मग पाना. माणूस वजनदार लागतो, आणि वजनदार म्हणजे अक्षरशः. व्हीलपाना नटात अडकवायचा, त्याच्या दांड्यावर तीन फुटी पाइप घालायचा आणि पाइपाच्या टोकावर त्या माणसाला उभं करायचं. तो ट्रॉलीचा डाला धरून दोन उड्या मारतो, नट 'कर्र' करतो आणि ड्रायव्हर जाहीर करतो, "बस, आता हा बापजन्मात निंघत नाई!" माणसाला चहा आणि खर्रा मिळतो. पुढे कधी पंक्चर झालं की तोच नट खोलायला अशी दोन माणसं लागतात. त्यांचा चहा-खर्रा वेगळा.

एकदा मी कागदावर हिशेब मांडला. माणूस पंच्याऐंशी किलोचा, पाइप नव्वद सेंटिमीटरचा. गुणाकार साडेशहात्तर किलोग्रॅम-मीटर, म्हणजे आवळण्याच्या जोराच्या मापात साधारण ७५० न्यूटन-मीटर. साध्या कारच्या चाकाच्या नटाला शंभर-सव्वाशे न्यूटन-मीटर पुरतात. यात उड्या धरलेल्याच नाहीत.

आता ताकद जास्त लागली तर बिघडलं कुठे, असं आमच्या ड्रायव्हरला प्रामाणिकपणे वाटतं. बिघडतं ते स्टडचं, म्हणजे नट ज्या आटेदार दांड्यावर चढतो त्याचं. नट आवळला की स्टड केसभर ताणला जातो, तो परत आखडायला बघतो आणि त्या आखडण्याच्या जोरावरच रिम अॅक्सलच्या टोकावरच्या हबला धरून राहते. मर्यादेबाहेर ताणला की त्याची आखडायची इच्छाच मरते. मग वरून नट कितीही घट्ट दिसो, आतून स्टडने काम सोडलेलं असतं. ढिला राहिला तर वेगळीच गंमत: रिम हबवर घासत हलते, भोकं लांबुळकी होतात आणि स्टड एकेक करून तुटतात.

आमच्या ट्रॉलीने दोन्ही प्रकार एकाच चाकात करून दाखवले. हिंगणघाटला कापूस खाली करून रिकामी ट्रॉली परत येत होती. मी मडगार्डवर बसून भाव काय लागला, कट्टीत किती वजन कापलं, याचा हिशेब जुळवत होतो. तेवढ्यात डाव्या हाताने एक चाक आम्हाला ओव्हरटेक करून पुढे गेलं. ड्रायव्हर म्हणाला, "काकाजी, कोणाचं तरी चाक निंघालं वाटते." चाक बांध ओलांडून तुरीत शिरलं, पाच-सहा झाडं आडवी केली आणि निजलं. मग मागून ट्रॉली एका अंगाला बसल्याचा आवाज आला आणि चाकाच्या मालकीचा प्रश्न सुटला.

वेल्डिंगवाल्याने तुटलेले स्टड तळहातावर घेऊन दाखवले. एकाची मान मधेच बारीक झालेली, आटे लांबून विरळ झालेले. "आवळून आवळून मारला याले," तो म्हणाला. मी त्याच दिवशी ठरवलं, टॉर्क पाना घ्यायचा. ठरलेल्या ताकदीला 'टक' वाजवून थांबा म्हणणारा. आणि स्वस्तातला घ्यायचा, कारण वाहन ट्रॉली आहे, विमान नाही.

तालुक्याच्या दुकानात गेलो. "शेटजी, टॉर्क पाना आहे का?"

"आहे ना." शेटजींनी ट्रकचा व्हीलपाना काढून काउंटरवर आदळला.

"ट्रक नाही, टॉर्क. किती जोर लागला ते सांगणारा."

"जोर तुम्ही लावान आन् पाना सांगन तुमाले?" दुकानातली चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. शेटजींनी समजूत काढत सोबत पाइप घ्या म्हणून सुचवलं. पाइपावर सूट होती.

नागपूरच्या दुकानात मात्र कपाटभर पाने निघाले. तिथे मला कळलं की हे प्रकरण मुख्यतः तीन जातींचं आहे. पहिला काट्याचा. एक लवचीक दांडा, एक सरळ काटा, खाली आकड्यांची पट्टी. दांडा वाकतो, काटा जागेवर राहतो आणि आकडा दिसतो. आत स्प्रिंग नाही, बिघडायला काही नाही, भावही सगळ्यात कमी. मला हा मनापासून आवडला. पण ट्रॉलीखाली उताणं पडून, रात्री, तोंडात मोबाइलचा टॉर्च धरून तो आकडा वाचणार कोण? दुसरा टकवाला: मूठ फिरवून आकडा लावायचा, तेवढा जोर झाला की टक. तिसरा सेलवर चालणारा, पडद्यावर आकडे आणि पिपाणी. आमच्याकडे घड्याळाचे सेल रिमोटमध्ये आणि रिमोटचे घड्याळात फिरत असतात, त्या चक्रात अजून एक भिडू नको होता.

टकवाल्यावर बोट ठेवलं तर दुकानदाराने मूळ प्रश्न विचारला. "तुम्हाला लागतो किती न्यूटन-मीटरचा?"

तेव्हापासून माझा खरा वनवास सुरू झाला. पाना पैसे टाकले की मिळतो. आकडा मिळत नाही.

ट्रॅक्टरचं पुस्तक घरात होतं. त्यात ट्रॅक्टरच्या चाकांचे आकडे व्यवस्थित छापलेले. पण ट्रॉलीला पुस्तक नसतं. ट्रॉली फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जन्म घेते, अॅक्सल एकीकडचा, रिम दुसरीकडची, डाला तिथलाच. ज्याने बांधली त्याला फोन केला. तो आधी घाबरला, त्याला वाटलं मी भांडायला फोन केला. मग म्हणाला, "भाऊ, आतापर्यंत हे कोणी इचारलंच नाई. तुम्ही आवळा ना कचकून."

ड्रायव्हरला विचारलं, त्याने दंड दाखवला. पंक्चरवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "एअरगन जिथं थांबते तिथं." एअरगन कुठं थांबते? "मी सोडली की." शेवटी हबवरचं वंगण डिझेलच्या चिंधीने पुसलं तेव्हा अॅक्सल बनवणाऱ्याचा शिक्का निघाला. त्या कारखान्यातल्या एका भल्या माणसाने स्टडची जाडी विचारली, डोक्यावर कोरलेला ८.८ हा मजबुतीचा आकडा वाचून घेतला आणि सांगितलं: १८०. वर बजावलं की आटे कोरडे आणि साफ हवेत. हा आकडा आमच्या अॅक्सलचा आहे, दुसऱ्या ट्रॉलीचा वेगळा असणार. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे कामाला येणार आहे.

अर्धा इंची चौकोनी तोंडाचा, २१० न्यूटन-मीटरपर्यंत जाणारा पाना मी २,४०० रुपयांना घेतला. असे पाने पट्टीच्या अगदी तळाच्या आकड्यांना भरवशाचे नसतात, हे दुकानदाराने सांगितलं, आणि आमचा १८० तर वरच्या अंगाला होता. त्यापेक्षा मोठा पाऊण इंची घ्या, असाही आग्रह झाला. त्याची किंमत ऐकून मी पाणी मागितलं.

घरी बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "कापूस किती गेला?" आमच्या घरी सगळी खरेदी कापसात मोजतात. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, म्हणजे पाना तीस किलो कापसाचा पडला. तोही तो भाव प्रत्यक्ष हातात आला असं धरून. बायकोने विचारलं, "हे मिक्सर होय का?" नाही म्हटल्यावर ती आत गेली. बाबा बराच वेळ पाना उलटापालटा करत होते. "आमच्या बैलबंडीले आखात एक खीळ होती," ते म्हणाले. "तिले कधी टॉर्क लागला नाई."

चुलतभावाने मूठ फिरवून १८० लावायला घेतलं आणि आकडे १५० वरच संपले. "दादा, फसवलं तुले! एकशे ऐंशी हायेच नाई याच्यात." तो फूट-पाउंडाच्या, म्हणजे इंग्रजी मापाच्या बाजूने बघत होता. पाना उलटा करून दुसरी बाजू दाखवली. १८० न्यूटन-मीटर म्हणजे त्या बाजूचे १३३. पण संशयाचं बी पडलं ते पडलंच. स्वस्तातला आहे, खोटा असेल. परीक्षा घ्यायचं ठरलं.

परीक्षेची रीत सोपी आहे. पान्याचं चौकोनी तोंड वाइसमध्ये पकडायचं, दांडा आडवा ठेवायचा आणि मुठीच्या मधोमध माहीत असलेलं वजन टांगायचं. आमच्या पान्यात तोंडापासून तिथपर्यंत बरोबर चाळीस सेंटिमीटर भरले. वजन म्हणून युरियाची न फोडलेली बॅग आणली. "पन्नास किलो," बाबा म्हणाले. दहावीतल्या पुतणीने वहीवर मांडलं: १९६ न्यूटन-मीटर. पाना १९० वर लावला, बॅग दोरीने हळूच सोडली. आता टक वाजायला हवा. बॅग लोंबकळली, वाइस कण्हला, टक काही आला नाही.

"डुप्लिकेट!" वेल्डिंगच्या शेडमध्ये जमलेल्या सगळ्यांनी एकमुखाने निकाल दिला. तीस किलो कापूस गेल्याचं दुःख बाबांपेक्षा शेजाऱ्यांनाच जास्त झालं.

पुतणी मात्र बॅगभोवती फिरून छापील अक्षरं वाचत होती. "आजोबा, याच्यावर पंचेचाळीस लिहिलं आहे." २०१८ पासून युरियाची बॅग ४५ किलोची झाली आहे. बाबांनी त्याच्या बऱ्याच आधी शेतीचा व्यवहार आमच्यावर सोपवला होता. तिने नवा गुणाकार केला: १७६. पाना १७० वर लावला, बॅग सोडली, टक! १८५ वर लावला, गप्प. स्वस्तातला पाना खरा निघाला. पण आता त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. "मंग पाच किलो कुठं गेले?" यावर शेडमध्ये चर्चा पेटली, ती दिवेलागणीपर्यंत चालली आणि त्यात दोन सरकारं बदलली.

प्रत्यक्ष चाकावर वापरायची वेळ आली तेव्हा ड्रायव्हरने आधी स्टडला बोटभर ग्रीस चोपडलं. "नट मक्खन जाते." नट मक्खन जातो हीच अडचण आहे. आपण लावलेल्या शंभर रुपयांच्या जोरातले साधारण नव्वद रुपये आट्यांचं आणि नटाखालचं घर्षण खातं, स्टडच्या हाती दहाच पोचतात. पैसे वाटेतच का खाल्ले जातात, हे आमच्या भागात समजावून सांगावं लागत नाही. पण ग्रीस लावलं की वाटेतलं खाणं कमी होतं, स्टडला दहापेक्षा बरेच जास्त पोचतात आणि तो ताणून मरतो. सगळं पुसायला लावलं. ड्रायव्हरने असं पुसलं की जणू मी त्याची इस्टेट पुसून घेतोय.

नट समोरासमोरचे आवळायचे, लागोपाठचे नाहीत, म्हणजे रिम एका अंगाला न कलता सरळ बसते. हे त्याने ऐकलं. पहिला नट, टक. तो थांबला नाही. पुन्हा जोर, पुन्हा टक.

"अरे, एकदाच!"

"एक टक त्याचा, एक आपला."

पन्नासेक किलोमीटर चालल्यावर परत एकदा पान्याने बघायचं असतं, हेही सांगितलं, कारण रंग आणि गंज चेपून नट बसतात. तो माझ्याकडे बघत राहिला. "परत आवळाचे? मंग पयल्यांदा कायले आवळले?" याला उत्तर आहे, पण त्या नजरेपुढे देता येत नाही.

बाकी सवयी मी दमदाटीने लावल्या. काम झालं की मूठ सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, आतली स्प्रिंग दबून राहायला नको. या पान्याने नट खोलायचे नाहीत, खोलायला जुनाच व्हीलपाना. मुठीवर ऑइलपेंटने तसं लिहूनही टाकलं. तरी थ्रेशरचा गंजलेला नट खोलायला एकाने तो नेलाच आणि परत करताना म्हणाला, "भाऊ, पाना बिघडला हाये वाटते, मधेच टकटक करते."

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. पान्याची नव्हे, आकड्याची. आता कोणी ट्रॉली घेऊन आलं की अॅक्सल कोणाचा, स्टड किती जाड, असलं काही विचारत नाही. "एकशेऐंशी ना?" एवढंच. पंक्चरवाल्याने भिंतीवर खडूने १८० लिहून ठेवलाय, आणि तो ट्रॉलीसोबत ऑटोंनाही लागू आहे. परवा एका पोट्ट्याने माझाच पाना नेऊन मोटरसायकलच्या मागच्या चाकाला लावला. नट आट्यांसकट फिरला. संध्याकाळी तो त्याच्या बापाला घेऊन दारात हजर झाला. एका हातात पाना, दुसऱ्या हातात नट, आणि बापाचा एकच प्रश्न:

"भाऊ, आकडा तं तुमचाच होता ना?"