एनएमएमएसच्या पोरांचा गुणगौरव करताय ना? मग त्याच मांडवात त्यांची फाइलही पूर्ण करा

एनएमएमएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या हुशार मुलांसाठी आठवीत होणारी शिष्यवृत्ती परीक्षा. तिची निवडयादी लागली की दोन दिवसांत आपल्या खान्देशात गावोगावी बॅनर झळकतात. शाळेचं नाव, मुलांचे फोटो, वरच्या बाजूला सरपंच, चेअरमन, मुख्याध्यापक. मला हे बॅनर मनापासून आवडतात. आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचते आणि तिच्या लेकीचा फोटो बसस्टँडवर लागतो, तिथं येणारी-जाणारी माणसं थांबून नाव वाचतात. हा मान त्या पोरीनं कमावलेला आहे. तो वाजतगाजतच मिळाला पाहिजे.

पण सत्कार होतो निकालाचा आणि पैसे मिळतात अर्जावर. यादीत नाव आलं म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली, असं घरच्यांना वाटतं आणि कित्येकदा शाळेलाही वाटतं. मग वर्षभरानं आजी विचारते, "पैसा उना का?" आणि तेव्हा कळतं की राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्जच गेला नव्हता. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: कागदपत्रं, बँक खातं, पोर्टलचा अर्ज आणि दरवर्षीचं नूतनीकरण हा सगळा भाग गुणगौरव सोहळ्यातच धरा.

ज्यांना ही योजना नीट माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. योजना केंद्र सरकारची, २००८ पासूनची. देशभरात १ लाख शिष्यवृत्त्या, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२. परीक्षा आठवीत होते आणि ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षांचे मिळून ४८,०००. २०१७ च्या आधी हीच रक्कम वर्षाला ६,००० होती. अटी अशा: आई-वडिलांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीत ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातीसाठी ५० टक्के), आणि शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची किंवा अनुदानित. नवोदय, केंद्रीय विद्यालय, सैनिकी शाळा आणि विनाअनुदानित शाळांतल्या मुलांना बसता येत नाही. नंदुरबारकडच्या सर-मॅडमनी आणखी एक बघावं. ज्या शासकीय निवासी शाळेत राहणं, जेवण आणि शिक्षण तिन्ही मिळतं, तिथल्या मुलांनाही ही शिष्यवृत्ती लागू नाही. पोराची सहा महिने तयारी करून घ्यायची आणि शेवटी तो पात्रच नव्हता असं निघायचं, हे टाळता येतं. जूनमध्येच यादी करताना तपासा.

आता तयारीबद्दल. पेपर दोन, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० गुण, ९० मिनिटं. पहिला बौद्धिक क्षमता चाचणीचा, म्हणजे मॅट. दुसरा शालेय क्षमता चाचणीचा, म्हणजे सॅट. आपल्याकडचे जादा तास बहुतेक मॅटमध्येच खर्च होतात, कारण ते शिकवायला मजा येते आणि झेरॉक्स तयार मिळतात. सॅटचं वाटप मात्र फार थोडे जण फळ्यावर लिहून ठेवतात. विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. समाजशास्त्रात इतिहास १५, भूगोल १५, नागरिकशास्त्र ५. म्हणजे एकटा भूगोल जवळजवळ गणिताच्या बरोबरीला येतो, आणि तोच विषय आपण परीक्षेच्या आठवड्यात "वाचून घ्या रे" म्हणून सोडतो. अभ्यासक्रमात सातवीही असते. सातवीचं विज्ञानाचं पुस्तक जून महिन्यातच धाकट्या भावाकडे गेलेलं असतं, म्हणून शाळेनं सातवीच्या पुस्तकांचे चार-पाच संच कपाटात राखून ठेवावेत. खर्च काहीच नाही आणि फायदा मोठा.

मॅटमधली एक गोष्ट जवळून बघा. आरशात घड्याळात ३ वाजून ४० मिनिटं दिसतात, तर खरी वेळ किती? रीत सोपी आहे: ११:६० मधून ३:४० वजा करा, उत्तर ८:२०. रीत पाठ असलेलं मूल दहा सेकंदांत गोल रंगवतं. पण प्रश्नात नुसतं काट्यांचं चित्र आलं, अंक नसले, की पुष्कळ मुलं अडकतात, कारण घरात काट्यांचं घड्याळच नाही, वेळ मोबाइलवर बघतात. त्यांना बुद्धी कमी आहे असं मुळीच नाही. वर्गात भिंतीवर एक काट्यांचं घड्याळ लावा, एक आरसा आणा, चार दिवस रोज पाच मिनिटं खेळू द्या. संख्यामालिकेचंही असंच. ३, ८, १८, ३८ च्या पुढे काय? फरक लिहायची सवय असली की ५, १०, २० दिसतात, पुढचा ४०, उत्तर ७८. ज्यांना फरक लिहायची सवय नाही ती मुलं नुसती बघत बसतात, आणि ९० प्रश्नांना ९० मिनिटं असताना बघत बसायला वेळ नसतो.

सराव पेपर सोडवून घेतल्यावर नुसते गुण वाचून दाखवू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे मुलानं स्वतः कारण लिहावं: माहीतच नव्हतं, घाईत वाचलं, की गोल भलताच रंगवला. तिसरं कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं. एक प्रश्न सोडून पुढे गेलेलं मूल उत्तरपत्रिकेवर मात्र ओळीनं गोल भरत जातं आणि पुढचे सगळे प्रश्न एकेका घरानं सरकतात. उपाय एकच: प्रत्येक सराव खऱ्यासारख्या ओएमआर उत्तरपत्रिकेवर, बॉलपेननं, घड्याळ लावून. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटची दोन मिनिटं उरलेले गोल भरायला राखून ठेवायला शिकवा.

आपल्या भागाची खास अडचण म्हणजे वेळ. परीक्षा साधारण डिसेंबरमध्ये येते आणि तेव्हाच कापूस वेचणी जोरात असते. दिवाळीनंतर सातपुड्याकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, मूलही सोबत जातं किंवा आजी-आजोबांकडे राहतं. त्या घरी दिवाळीच्या आधीच जाऊन बोलायला हवं. "नाना, पोराला परीक्षेपुरतं इथं ठेवा, त्याच्या राहण्या-जेवणाचं आम्ही बघतो" हे एका शिक्षकानं घरी बसून सांगितलं तर बहुतेक बाप ऐकतात. केंद्र तालुक्याला असतं, पहिल्या एसटीवर विसंबू नका. चार शाळांनी मिळून एक गाडी ठरवली तर डोक्यामागे फार येत नाही. अमळनेरला साने गुरुजींनी छात्रालयातल्या पोरांचं दुखलं-खुपलं सगळं स्वतः पाहिलं, त्या परंपरेच्या मुलखात हे जड जाऊ नये.

निकालातही एक घोळ होतो. दोन्ही पेपर मिळून ४० टक्के, म्हणजे १८० पैकी ७२ गुण मिळाले की मूल पात्र ठरतं. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांसाठी ही अट ३२ टक्क्यांची आहे. पण शिष्यवृत्ती मिळते निवडयादीत आलेल्यांना, आणि ती यादी जिल्ह्याच्या कोट्यानुसार व प्रवर्गानुसार गुणानुक्रमानं लागते. बॅनरवर दोन्ही प्रकारची मुलं "उत्तीर्ण" म्हणून एकत्र छापतात. छापा, दोघांचंही कौतुक करा. पण पालकाला बाजूला घेऊन सांगा की आपला मुलगा कोणत्या यादीत आहे. पात्र आहे पण निवडीत नाही, असा विद्यार्थी मराठा किंवा कुणबी समाजाचा असेल तर त्याच्यासाठी सारथीची, म्हणजे या समाजासाठीच्या राज्य सरकारच्या संस्थेची, शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये, तीही नववी ते बारावी. तिचा अर्ज वेगळा करावा लागतो. कितीतरी घरी ही गोष्ट पोहोचतच नाही, कारण "आपला नंबर लागला नाही" म्हणून घरच्यांनी विषय कधीच मिटवलेला असतो.

आता मांडवात काय करायचं ते सांगतो. शाल, श्रीफळ, फोटो होऊ द्या. ट्रॉफीऐवजी प्रत्येक मुलाला एक चांगली प्लॅस्टिकची फाइल द्या आणि तिच्यात काय असायला हवं त्याची यादी पहिल्या पानावर चिकटवा: निकालाची प्रत, आधार, बँक पासबुकाची प्रत, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातवी-आठवीच्या गुणपत्रिका. भाषणं दोनच ठेवा. मांडवाच्या कडेला एक टेबल लावा, लॅपटॉप घेऊन एक शिक्षक आणि टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन बसवा. पोस्टमन आधारवर खातं जागच्या जागी उघडून देतो. पालक त्या दिवशी कामधंदा सोडून, चांगले कपडे घालून आलेले असतात. मूलही समोर, आधारही खिशात. हा योग पुन्हा जमत नाही.

त्या टेबलावर सगळ्यात आधी नाव तपासा. निवडयादीत, आधारवर आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये इंग्रजी स्पेलिंग एकच आहे का ते बघा. वळवी आडनाव एका कागदावर व्ही नं सुरू होतं आणि दुसऱ्यावर डब्ल्यू नं. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. एवढ्यावरून अर्ज अडकतो. आधार दुरुस्त करायला वेळ लागतो, म्हणून ती मार्च-एप्रिलमध्येच करून घ्यायची. पंधरा वर्षं झाल्यावर आधारचे बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात, तेही नववीच्या सुमाराला येतं. ठसे अपडेट नसले की पोस्टमनच्या यंत्रावर बोट जुळत नाही आणि सगळे बँकेला दोष देत बसतात.

दुसरं, खातं आधारशी जोडलंय एवढं पुरत नाही. सरकारी पैसा ज्या खात्याला आधार सीडिंग झालेलं आहे, म्हणजे सरकारी रक्कम जमा होण्यासाठी बँकेनं जे खातं आधार क्रमांकावर नोंदवलेलं आहे, त्याच खात्यात जातो, आणि एका वेळी एकाच खात्याला ते असतं. शाळेत जुनं खातं, नंतर दुसऱ्या योजनेसाठी काढलेलं नवं खातं असं असेल तर आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस बघून घ्या. पासबुकावर एक बँक आणि सीडिंगमध्ये दुसरी निघते, मग पैसे येऊनही घरच्यांना पत्ता नसतो.

तिसरं मोबाइलचं. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर वडिलांचा, वडील सुरतला कामाला, फोन साच्याच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, आवाजात. किंवा रिचार्ज संपून नंबरच बंद पडलेला. शक्य असेल तर आईचा, गावातच राहणारा नंबर जोडून घ्या.

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल साधारण जूनच्या आसपास उघडतं. आधी एकदाच करायची नोंदणी, मग नवीन अर्ज, मग शाळेच्या लॉगिनवरून पडताळणी आणि शेवटी जिल्ह्याच्या पातळीवरची. मुलाचा अर्ज वेळेत गेला तरी शाळेच्या पातळीवर पडताळणी राहिली तर तो अर्ज तिथंच संपतो. इथं मुलाचा काही दोष नसतो, म्हणून मुख्याध्यापकांनी हे काम कारकुनावर न सोडता स्वतः बघावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा, जूनला सेतूवर प्रवेशवाल्यांची गर्दी उसळते.

पुढच्या चार वर्षांच्या अटी घरी भिंतीवर लिहून लावण्यासारख्या आहेत. आठवीत ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातीसाठी ५० टक्के). नववी आणि अकरावी पहिल्याच प्रयत्नात पास. दहावीला ६० टक्के, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५५. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज, तो आपोआप होत नाही. दहावीनंतर डिप्लोमा किंवा आयटीआयला गेलं तर ही शिष्यवृत्ती थांबते. डिप्लोमाला जाऊ नका असं मी म्हणत नाही, भुसावळ-जळगावकडच्या कितीतरी पोरांचं भलं त्यानंच झालंय. हिशोब माहीत असताना निर्णय घ्यावा, एवढंच. अकरावीसाठी विनाअनुदानित कॉलेज निवडताना तर हे नक्की विचारात घ्या.

ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही त्या मुलांनाही त्या दिवशी मांडवातून रिकाम्या हातानं पाठवू नका. इन्स्पायर मानक ही मुलांच्या विज्ञानातल्या नव्या कल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना. तिच्यासाठी शाळेला पाच कल्पना पाठवता येतात, निवड झालेल्या मुलाच्या खात्यात मॉडेलसाठी १०,००० रुपये येतात. तिथं ज्वालामुखी आणि पवनचक्क्या चालत नाहीत. वेचणीच्या वेळी बोंडाच्या टोकानं बोटं फाटतात, केळीचा घड खांद्यावरून उतरवताना मार लागून काळा पडतो, नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळत घालणाऱ्या बायांचे डोळे चुरचुरतात. यावर पोरांना विचारा. परीक्षेत मागे राहणारं एखादं मूल इथं सगळ्यात पुढे निघतं.

आणि एक विनंती नववीच्या शाळांना. गावातली शाळा सातवी-आठवीला संपते आणि मूल तुमच्याकडे येतं. प्रवेश अर्जावर एक ओळ वाढवा: "एनएमएमएस निवडयादीत नाव आहे का? सारथी?" हो असेल तर परीक्षेचा बैठक क्रमांक तिथंच लिहून घ्या आणि जुन्या शाळेच्या सरांचा फोन नंबरही. पोर्टल उघडेल त्या आठवड्यात ही पोरं आधी बोलवा.