फिटनेस संपलं की नोंदणीही अडचणीत

परमिट (भाड्याने प्रवासी नेण्याचा परवाना) आणि विमा असला की टॅक्सी रस्त्यावर आणता येते, असं टॅक्सी चालवण्याबद्दलच्या एका लेखात म्हटलंय. ते अपुरं आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५६ पाहा: वैध फिटनेस प्रमाणपत्र (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला) नसेल तर व्यावसायिक वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. त्यामुळे हे निव्वळ दंडापुरतं प्रकरण राहत नाही. त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी वाद घालते. नव्या गाडीचं फिटनेस पहिली २ वर्षं चालतं, मग गाडी ८ वर्षांची होईपर्यंत ते दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. तपासणीआधी ब्रेक, दिवे, टायर, वेगनियंत्रक (ताशी ८० किमीची मर्यादा) आणि पॅनिक बटण (संकटात प्रवाशाने मदत मागायचं बटण) चालू आहे का, हे स्वतः बघून घ्या. बटण दाबून सिग्नल जातो का, हे फारसं कुणी बघत नाही.

पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीतून पुणे-मुंबई भाडं मारणाऱ्यांनी तर हे वाचाच: विनापरमिट पहिल्याच गुन्ह्याला कलम १९२अ खाली १०,००० रुपये दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत भाड्याचे प्रवासी धरलेलेच नसतात. दोन पैसे वाचवायला प्रवाशाचा जीव असा उघड्यावर टाकू नका.